तेवीस क्रूस

आपल्या ख्रिस्ती घरांतून अल्तारावर, नाही तर अल्तारालगतच्या भिंतीवर, पवित्र चित्रे असतात. येशूचे पवित्र हृदय, वेलंकणीची माता, संत अंतोनी. आणि घर वसईकडचे असेल तर संत गोन्सालो गार्सियाही. या चित्रांकडे आपण प्रार्थनेपुरते पाहतो. ती कोणी काढली, केव्हा काढली, कोणासाठी काढली, हे प्रश्न सहसा मनात येत नाहीत आणि त्यावाचून प्रार्थनेचे काही अडतही नाही. परंतु कधी कधी एखादे जुने चित्र असे भेटते की, त्याची चौकशी करता करताच आपल्या भक्तीची चौकशी सुरू होते. असे एक चित्र गेली काही वर्षे आमच्या मनात घर करून आहे. त्याच्याविषयी वाचकांशी चार शब्द बोलावेत म्हणून हा लेख.

हे चित्र रंगीत नाही आणि मोठे तर नाहीच नाही. उंची वीतभरसुद्धा भरणार नाही. तांब्याच्या पत्र्यावर रेषा कोरून, काळ्या शाईने कागदावर छापलेले असे ते आहे. एका मोकळ्या जागेत क्रूसामागून क्रूस उभे आहेत. प्रत्येक क्रूसावर एकेक मनुष्य आहे. खाली भालेकरी शिपाई आणि बघ्यांची गर्दी आहे, तर वर मेघांतून देवदूत अवतरत आहेत. क्रूस मोजले तर तेवीस भरतात. जपानमधील नागासाकी येथे ५ फेब्रुवारी १५९७ रोजी ज्यांनी आपल्या श्रद्धेसाठी प्राण दिले, त्या रक्तसाक्ष्यांचे हे चित्र आहे. आपले गोन्सालो गार्सिया त्यांतलेच एक. चित्र काढणारा मात्र जपानी नव्हता, पोर्तुगीजही नव्हता. जपान त्याने कधी पाहिला नव्हता, आणि वसईचे नाव तरी त्याच्या कानावर गेले होते की नाही कोण जाणे.

त्याचे नाव झाक कालो. फ्रान्सच्या सीमेवरील लॉरेन या स्वतंत्र सरदारकीच्या राजधानीत, नान्सी शहरात, १५९२ साली त्याचा जन्म झाला. तरुण वयातच तो इटलीत गेला. तेथे रोममध्ये आणि पुढे फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या आश्रयाला राहून तो आपली कला शिकला. आश्रयदाता कोसिमो दुसरा १६२१ साली मरण पावल्यावर तो मायदेशी परतला आणि १६३५ मध्ये मृत्यू येईपर्यंत नान्सीतच राहिला. त्याने आयुष्यात सुमारे चौदाशे चित्रे पत्र्यावर उतरवली. सैनिक, भिकारी, जत्रा, नाटकातले विदूषक, संत, वेढा पडलेली शहरे, असे सारे जग त्याच्या बोटभर माणसांनी गजबजलेले आहे.

ज्या पद्धतीने तो काम करी तिला एचिंग, म्हणजे अम्लरेखन, म्हणतात. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर प्रथम आम्लाला न जुमानणारा लेप देतात. त्या लेपावर सुईने चित्र काढले की रेषेपुरता लेप निघून तांबे उघडे पडते. मग पत्र्यावर तेजाब सोडतात. ते झाकलेल्या भागाला स्पर्श करत नाही, पण उघड्या रेषा खात जाते. ज्या रेषा फिक्या हव्यात त्या थोड्या वेळाने पुन्हा झाकून टाकायच्या. ज्या गडद हव्यात त्या तेजाबात तशाच राहू द्यायच्या. शेवटी लेप काढून पत्र्याला शाई लावतात, ती पुसतात, आणि रेषांच्या खाचांत उरलेली शाई दाबयंत्राखाली ओलसर कागद उचलून घेतो. पूर्वी या कामी मऊ मेणाचा लेप वापरीत. कालोने तंतुवाद्ये बनवणारे कारागीर वापरीत ते कठीण वार्निश घेतले, आणि तिरप्या टोकाचे एक खास हत्यार वापरात आणले. त्यामुळे केसाइतकी बारीक रेषासुद्धा तुटेना, आणि एकच रेष कोठे बारीक, कोठे जाड काढता येऊ लागली. त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १६४५ मध्ये, आब्राम बॉस याने आपल्या ग्रंथात ही रीत सविस्तर लिहून ठेवली.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, एका पत्र्यावरून शेकडो प्रती निघत आणि त्या थोड्या पैशांत मिळत. मोठ्या चर्चमधले तैलचित्र पाहायला माणसाला तेथवर जावे लागे. हे चित्र प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवून घरी नेता येई. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने डिसेंबर १५६३ मध्ये पवित्र प्रतिमांचा आदर योग्य ठरवला होता, आणि त्यांतून लोकांना श्रद्धेचे शिक्षण मिळावे असे सांगितले होते. त्यानंतरच्या शतकात, ज्याला कलेचे इतिहासकार बरोक काळ म्हणतात, संतांचे देहदंड, दृष्टान्त आणि स्वर्गारोहणे यांनी युरोपातील चर्च भरून गेली. कालोचे छोटे चित्र त्याच काळाचे अपत्य होय. तथापि त्याच्यात त्या काळाचा भपका नाही. माणसे मुंग्यांएवढी आहेत, आणि आक्रोश करणारा मोठा चेहरा समोर एकही नाही.

आता नागासाकीत काय घडले ते थोडक्यात पाहू. जपानमध्ये प्रथम येशूसंघाचे धर्मगुरू गेले, आणि पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८५ साली ते कार्यक्षेत्र केवळ येशूसंघासाठी राखून दिले. पुढे १५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरचे वकील म्हणून फ्रान्सिस्कन व्रतस्थ तेथे पोहोचले. पेद्रो बाप्तिस्ता हे त्यांचे प्रमुख, आणि त्यांचे दुभाषी होते ब्रदर गोन्सालो गार्सिया. त्या वेळी सर्वसत्ताधीश असलेल्या तोयोतोमी हिदेयोशीने त्यांना क्योतोत राहू दिले. तेथे त्यांनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालवली. परंतु ऑक्टोबर १५९६ मध्ये सान फेलिपे नावाचे स्पॅनिश गलबत तोसाच्या किनाऱ्याला लागून फुटले. त्यावरचा माल जप्त झाला, वाद पेटला, आणि धर्मगुरूंच्या मागोमाग स्पेनचे सैन्य येते असा संशय हिदेयोशीच्या मनात बळावला. क्योतो आणि ओसाका येथून चोवीस जणांना पकडण्यात आले. त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढली, आणि ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर चालवीत त्यांना नागासाकीला नेले. वाटेत आणखी दोघांची भर पडली. निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस तयार होते. जपानी रीतीप्रमाणे खिळे न मारता त्यांना लोखंडी कड्यांनी आणि दोरांनी क्रूसाला जखडले, आणि दोन्ही बाजूंनी भाले खुपसून त्यांचा अंत केला.

येथे चाणाक्ष वाचकाच्या मनात प्रश्न उभा राहील, आणि तो आमच्याही मनात उभा राहिला: क्रूस सव्वीस होते, मग चित्रात तेवीसच का?

त्याचे उत्तर निशिझाकावर नाही. ते रोममध्ये आहे. पोप उर्बन आठवे यांच्या कारकिर्दीत १६२५ साली असा दंडक घालण्यात आला की, रोमची अनुमती मिळाल्यावाचून कोणाही मृत व्यक्तीची जाहीर उपासना करू नये आणि तिच्या चित्राला तेजोवलयही काढू नये. म्हणजे नागासाकीच्या वीरांची गाथा युरोपभर पसरलेली असूनही त्यांच्या उपासनेला अनुमतीची वाट पाहणे भाग होते. ती मिळाली सप्टेंबर १६२७ मध्ये. पण मिळाली ती दोन भागांत. १४ तारखेला फ्रान्सिस्कन संघाला तेविसांची: सहा व्रतस्थ आणि त्यांच्याशी निगडित असे सतरा जपानी प्रापंचिक. दुसऱ्या दिवशी येशूसंघाला त्यांच्या तिघांची: पॉल मिकी, जॉन गोतो आणि जेम्स किसाई. एकाच टेकडीवर, एकाच सकाळी, एकाच श्रद्धेसाठी मेलेले लोक कागदोपत्री दोन याद्यांत विभागले गेले. कालोच्या चित्रातला आकडा हा पहिल्या यादीचा आकडा आहे. नान्सीत फ्रान्सिस्कनांचा मठ होता, आणि पुढे कालोला मूठमातीही त्याच मठात मिळाली. तेव्हा त्याच्या चित्रात त्या संघाचे तेवीसच यावेत यात नवल नाही. यात कोणाचा दुष्टपणा होता असेही नाही. प्रत्येकाने आपापली माणसे मोजली, इतकेच.

ही गोष्ट कळल्यावर आमच्या मनाला ती लागून राहिली, कारण गोन्सालोंचे आयुष्य या दोन्ही याद्यांना स्पर्शून गेलेले आहे. त्यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईत येशूसंघाच्या छत्राखाली त्यांचे शिक्षण झाले. किशोरवयातच ते त्या संघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानला गेले आणि धर्मशिक्षक म्हणून कित्येक वर्षे राबले. तेथील भाषा त्यांनी अशी आत्मसात केली की, पुढे हिदेयोशीच्या दरबारात बोलायला त्यांनाच पुढे करावे लागले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र सफल झाली नाही. मग त्यांनी व्यापार केला, त्यात जम बसवला, आणि अखेर मनिलात सर्व सोडून फ्रान्सिस्कन संघाचा झगा अंगावर घातला. येशूसंघाने त्यांना घडवले आणि फ्रान्सिस्कन संघाने त्यांना आपले म्हटले. त्यांच्या शेजारच्या क्रूसांवर दोन्ही घरची माणसे होती. कालोच्या कागदावर मात्र त्यांतले एक घर दिसत नाही.

एकदा हे चित्र आम्ही ग्रंथात भिंग लावून पाहत असता आमचा बारा वर्षांचा पुतण्या खांद्यावरून डोकावला. सगळी हकिगत त्याने ऐकून घेतली, भिंग आपल्या हातात घेतले आणि विचारले, “काका, यांतला आपला कोणता?”

आम्ही म्हणालो, “तूच शोध पाहू.”

त्याने बराच वेळ शोधले. एका क्रूसावर बोट ठेवले, मग दुसऱ्यावर. “सगळे सारखेच दिसतात,” तो म्हणाला. “हा आपला असेल का?”

कालोने काढलेले चेहरे इतके लहान आहेत की कोणाचीच ओळख पटू नये. वसईचा कोण, स्पेनचा कोण, मेक्सिकोचा कोण, जपानचा कोण, हे भिंगही सांगत नाही. मुलाच्या प्रश्नाने आम्हांला निशिझाकावरच्या एका प्रसंगाची आठवण झाली. टेकडीवर पोहोचताच गोन्सालो एका क्रूसाकडे सरळ चालत गेले आणि हा माझाच का, असे त्यांनी विचारले, अशी हकिगत सांगितली जाते. तो नव्हे, असे उत्तर आले. मग त्यांना दुसऱ्या क्रूसाकडे नेण्यात आले; तेथे गुडघे टेकून त्यांनी त्याला मिठी मारली. आपला क्रूस कोणता हे त्यांना स्वतःलाही विचारावे लागले. तो दुसऱ्याने दाखवला आणि त्यांनी तो आपला म्हटला.

त्या सायंकाळी आम्ही मुलाला बाकीच्यांविषयी सांगितले. सहा व्रतस्थ सोडले तर तेविसांतले सतरा जण तुमच्या-आमच्यासारखे प्रापंचिक होते. फ्रान्सिस नावाचा एक सुतार होता. तो कैद्यांच्या मागोमाग त्यांची सेवा करायला निघाला आणि त्यांच्यातच धरला गेला. कॉस्मे ताकेया तलवारींचे काम करणारा. जोआकिम साकाकिबारा रुग्णालयातला स्वयंपाकी. मिगेल कोझाकी हा धनुष्यबाण बनवणारा कारागीर. त्याच्यासोबत त्याचा चौदा वर्षांचा मुलगा तोमास. मथियास नावाच्या एकाची गोष्ट तर विलक्षण आहे. शिपाई यादी घेऊन आले तेव्हा यादीतला मथियास घरी नव्हता. शेजारचा एक जण पुढे झाला आणि, माझेही नाव मथियास आणि मीही ख्रिस्ती, असे सांगून त्याच्या जागी उभा राहिला. आणि सर्वांत लहान लुई इबाराकी. तो बारा वर्षांचा होता. श्रद्धा सोडलीस तर जगशील, असे त्याला अधिकाऱ्याने सांगून पाहिले. त्याने ते नाकारले.

“माझ्याएवढा?” पुतण्याने विचारले. त्यानंतर त्याने आपला कोणता, हे पुन्हा विचारले नाही.

कालोने आपली सुई हाती धरली त्या काळात जपानमधला छळ संपलेला नव्हता. १६१४ च्या हुकुमाने धर्मगुरूंना देशाबाहेर घालवले होते. १६२२ मध्ये त्याच नागासाकीत एकाच दिवशी पंचावन्न जणांना ठार करण्यात आले. आणि १६२९ च्या सुमारास तेथे एक नवी परीक्षा सुरू झाली. येशूचे किंवा मरियेचे चित्र जमिनीवर ठेवायचे आणि संशयितांना त्यावर पाय द्यायला लावायचे. जो पाय देणार नाही तो ख्रिस्ती. आधी कागदी चित्रे वापरीत. ती फाटून जात, म्हणून पुढे धातूच्या पट्ट्या घडवल्या. युरोपात नुकतेच छापलेले असे कागद लोक ओठांना लावीत होते, तर जपानमध्ये तसलेच कागद लोकांच्या पायाखाली घातले जात होते. आपण अल्तारावरचे चित्र पुसून पुन्हा जागेवर ठेवतो तेव्हा ही गोष्ट आठवावी. कागदाच्या त्या तुकड्यावर पाय द्यावा की देऊ नये, या प्रश्नावर तेथे कित्येकांचे जीवन-मरण ठरले.

कालोच्या स्वतःच्या देशावरही लवकरच आपत्ती कोसळली. युरोपात १६१८ पासून तीस वर्षांचे युद्ध पेटलेले होते. त्यात ख्रिस्ती लोक ख्रिस्ती लोकांना मारीत होते, आणि आपण कोणत्या बाजूचे हे आधी विचारून मग एकमेकांवर दया किंवा तलवार चालवीत होते. १६३३ मध्ये फ्रान्सच्या सैन्याने नान्सी घेतले. त्याच वर्षी कालोने युद्धाच्या हालअपेष्टांची अठरा चित्रांची माला प्रसिद्ध केली. त्यांतल्या एका चित्रात एका मोठ्या झाडाला माणसे फळांसारखी टांगलेली आहेत, आणि शिडीवर उभा राहून एक धर्मगुरू मरणाऱ्याला क्रूस दाखवीत आहे. निशिझाकाचे क्रूस आणि हे झाड एकाच हाताने काढले आहे. मुंग्यांएवढी माणसे काढणाऱ्या या कलावंताला मरण फार जवळून दिसले असावे, असे आम्हांला वाटते.

जपानमधली श्रद्धा मात्र मेली नाही. ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी नागासाकीच्या रक्तसाक्ष्यांना संतपद दिले, आणि या वेळी सव्वीसही जणांना एकत्र दिले. पुढे फ्रेंच मिशनरींनी नागासाकीत ओउरा येथे या सव्विसांच्याच नावाने चर्च उभारले. तेथे १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावचे काही लोक आले आणि त्यांनी फादर पेतिजाँ यांना, आमचेही अंतःकरण तुमच्यासारखेच आहे, असे हळूच सांगून मरियेची मूर्ती कोठे आहे ते विचारले. दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरूंवाचून त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धा जपली होती. पुढे १९६२ मध्ये संतपदाच्या शताब्दीला निशिझाकावर यासुताके फुनाकोशी या जपानी शिल्पकाराने घडवलेले स्मारक उभे राहिले. एका लांब भिंतीवर सव्वीस ब्राँझ आकृती एका ओळीत उभ्या आहेत. गोन्सालो तेथे आहेत, पॉल मिकीही आहेत, आणि लहानगा लुईही आहे. २४ नोव्हेंबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्या जागी प्रार्थना केली. तेविसांचे सव्वीस व्हायला ख्रिस्तसभेला दोनशे पस्तीस वर्षे लागली.

आपल्या धर्मग्रामांतून आपणही मोजतच असतो. ही आळी आमची, ती त्यांची. हा आमच्या बोलीचा, तो परका. गायकवृंदात आमच्याकडचे किती, समितीवर त्यांच्याकडचे किती. एके वर्षी सणाच्या मिरवणुकीत मान कोणाचा यावरून आमच्या नात्यातल्या दोन घरांची बोलाचाली झाली. एका अंगणात वाढलेली ती माणसे त्यानंतर पाच वर्षे एकमेकांच्या उंबऱ्यावर चढली नाहीत. कोणाच्या मयताला गेली तरी दाराबाहेर उभी राहिली. सण होता एका रक्तसाक्ष्याचा.

गोन्सालो आपले आहेत, ही वसईकरांची भावना अगदी रास्त आहे, आणि तिचा अभिमान आम्हांलाही आहे. वसईच्या मातीत जन्मलेला मुलगा जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन संत झाला, हे आपल्या मुलांना सांगितलेच पाहिजे. पण सांगताना तेवढ्यावरच थांबू नये. त्याच्या उजवीकडे कोण होता आणि डावीकडे कोण, तेही सांगावे. सुताराचे सांगावे, स्वयंपाक्याचे सांगावे, दुसऱ्याच्या नावाच्या हाकेला ओ देणाऱ्या मथियासचे सांगावे. आणि कालोच्या कागदावर ज्यांना जागा मिळाली नाही, त्या तिघांचेही सांगावे. घरच्या अल्तारापुढे गोन्सालोंचे नाव घेऊन मध्यस्थीची विनवणी करताना आम्ही आता पुढे “आणि त्याच्या पंचवीस सोबत्यांनो” असे शब्द जोडतो. पुतण्यानेही ते उचलले आहेत.